मूळचे कोठले?

नवी ओळख झाली कीं नांवानंतरचा आपला दुसरा प्रश्न ठरलेला असतो : 'आपण मूळचे कोठले?' आम्हां वाशीमकरांना हा प्रश्न आवडतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेंच मिळाला. सोळाशें वर्षांहून जुना पुरावा पाठीशीं असल्यावर इतरांच्या मूळगांवाकडे आम्ही किंचित् वरून पाहिलें तर नवल नाहीं. आमचे पणजोबा निजामी मुलखांतून पैनगंगा उतरून इकडे आले, ही गोष्ट अशा वेळीं आमच्या घरांत कोणी काढीत नाहीं.

परंतु चाळीसगांवजवळच्या पाटणें गांवापुढें हा सारा तोरा उतरतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें जेथें मठ स्थापिला, तेंच हें पाटणें. तेथें १९७२-७३ सालीं पुरातत्त्वज्ञ साळी यांनीं केलेल्या उत्खननांत दगडी पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. कवचाच्या एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. काळ सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा. खानदेशांत शहामृग धांवत होते, हेंच आधीं मनास पटत नाहीं. पण मला त्या पक्ष्याहून त्या मण्यांचें अधिक नवल वाटतें. कवचाचा तुकडा घ्यावा, गारेच्या टोंकानें त्यास भोंक पाडावें, मग कडा दगडावर घांसून वाटोळ्या कराव्या; फुटला कीं पुन्हां नवा तुकडा घ्यावा. यांत पोट भरण्यासारखें कांहीं नाहीं. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या त्या माणसांना एवढी सवड होती, आणि हौसही होती.

तीं माणसें तरी मूळचीं येथलीं कोठें? त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून निघालेले. त्याच प्रवाहांतले कांहीं जण दक्षिण आशियांतून पूर्वेस जात राहिले आणि, समुद्र आजच्यापेक्षां पुष्कळ खालीं असतांही मध्यें उरलेलें पाणी ओलांडून, ऑस्ट्रेलियांत पोंचले. त्याला निदान ५०,००० वर्षें झालीं. कांहीं संशोधक ६५,००० म्हणतात. आपण 'खंड वसविला' असें लिहितों, जणूं पेशव्यांनीं पेठ वसविली! हिशेब करून पाहावा. वाट १५,००० किलोमीटरांची धरली आणि प्रत्येक पिढीनें आपला मुक्काम वाशीमहून अकोल्याइतकाच, म्हणजे पाऊणशें किलोमीटर, पुढें नेला, तरी दोनशें पिढ्यांत, पांच हजार वर्षांत, माणूस तेथें जाऊन पोंचतो. पलीकडच्या टेंकडीआड पाणी आहे, यापलीकडे त्यांतल्या बहुतेकांना कांहीं ठाऊक नसेल. समुद्रांत शिरलेल्या पिढीची गोष्ट वेगळी. तिच्या धाडसाला माझ्या या हिशेबांत जागा नाहीं.

अमेरिकेंत न्यू मेक्सिकोमध्यें व्हाइट सँड्स येथें वाळलेल्या सरोवराच्या कांठीं अशाच माणसांचीं पावलें उमटून राहिलीं आहेत. त्यांतलीं कांहीं २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वींचीं असल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. आदल्या वर्षीं प्रसिद्ध झालेली तेथलीच दुसरी एक रांग मला विसरतां येत नाहीं. ती इतकी जुनी नसेल, तरी १०,००० वर्षांमागची आहे. बहुधा एक बाई दीड किलोमीटर भरभर चालत गेली आहे. मधूनमधून तिच्या पावलांशेजारीं एका लहान मुलाचीं पावलें उमटतात आणि नाहींशीं होतात. कडेवरचें मूल तिनें खालीं ठेवलें, दम घेतला, पुन्हां उचललें. परतीच्या वाटेवर मूल नाहीं. मधल्या वेळांत एक मॅमथ तिची वाट ओलांडून गेला आहे. मूल तिनें कोणाकडे पोंचविलें? मावशीकडे असेल, असें वाटून घेणें मला आवडतें.

चालत राहणाऱ्यांचें कौतुक आपण असें दुरून करतों. जवळ तसें होत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत फासेपारधी आहेत. १८७१ सालच्या कायद्यापासून अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची रीत पडली. तो शिक्का १९५२ सालीं कायद्यांतून पुसला, लोकांच्या बोलण्यांतून अद्यापि नाहीं. कोणी सहृदय गृहस्थ त्यांना अश्मयुगाचे अवशेष म्हणतात, तेंही तितकेंच चूक. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची; तेही आपल्यासारखेच कोठून तरी आलेले, आजचेच लोक आहेत.

गेल्या वर्षीं एका कचेरींत दाखल्यासाठीं आलेल्या म्हाताऱ्या पारध्याला कारकुनानें विचारलें, "बाबा, मूळचे कोठले?"

"आजा कारंज्याच्या माळावर मेला," म्हातारा सांगूं लागला, "बाप मंगरूळच्या शिवारात जन्मला, मी मानोऱ्याच्या वाटेवर. यातलं कोणतं लिहायचं ते तुम्हीच सांगा, साहेब."

अर्जांत एका गांवापुरतीच जागा होती. कारकुनानें मानोरा लिहिलें.