ठकीला मज्जाव

सध्या आमच्या घरात आतल्या खोलीला दोन दारं आहेत. एक जुनं लाकडी आणि त्याच्या बाहेरून एक नवं, जाळीचं. ह्या दारांबाहेर रोज चार वेळा एक मांजर पाय पोटाशी घेऊन बसलेलं असतं. हे दुसरं दार बसेपर्यंत मी काय काय उपद्व्याप केले ते आज लिहायला घेतलंय. कुणा मांजरवाल्यांच्या उपयोगी पडलं तर ठीकच, नाही तर माझं मन मोकळं होईल.

आधी प्रस्तावना. (छत्तीस वर्षं शिकवलं, प्रस्तावनेशिवाय धडा सुरूच करता येत नाही!) आमच्या ह्यांची मूत्रपिंडं मधुमेहाने निकामी झाली. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन रक्ताचं डायलिसिस करायचं की घरच्या घरी पोटाचं, असा प्रश्न आला तेव्हा ह्यांनी घरचं निवडलं. ह्यात पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर द्राव पोटात सोडायचा, चार-सहा तास राहू द्यायचा, मग काढून टाकायचा आणि नवा भरायचा. पोटाचं आतलं अस्तरच गाळणीचं काम करतं. असं दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. ऐकायला सोपं आहे. खरी भीती एकच, नळीवाटे जंतू आत जाण्याची. म्हणून दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात घासूनपुसून धुवायचे. बाहेर आलेल्या द्रावाची पिशवी छापील कागदावर धरायची. पलीकडची अक्षरं वाचता आली तर द्राव स्वच्छ. गढूळ दिसला तर तडक दवाखाना.

शिकवणाऱ्या सिस्टरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काकू, घरात कुत्रं-मांजर काही?"

मी म्हटलं, "मांजर आहे एक. पण शहाणी आहे हो."

शहाणी! ही ठकी आमच्याकडे आली २०१९ च्या ऑगस्टमध्ये, सांगलीच्या महापुरात. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा हे मूठभर पिल्लू जिन्याच्या चौथ्या पायरीवर ओरडत होतं. हे खाली उतरले आणि बाजाराच्या पिशवीत घालून तिला वर घेऊन आले. मला मांजराची फारशी हौस नव्हती, आजही नाही. ठकी ह्यांचीच. ह्यांच्या उशाशी झोपायची, ह्यांच्या पेपरवर बसायची. निवृत्तीनंतर माणसाचं बोलणं कमी होत जातं, पण हे तिच्याशी बोलायचे. एवढं माझ्याशीही नाही. असो.

तिला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही, हे ठरवणं सोपं होतं. मी आपला नेहमीचा बाईंचा उपाय केला. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेतली आणि ठकी पलंगावर दिसली की ओरडून एक फवारा. आठवड्यात यश! मी खोलीत पाऊल टाकलं की ठकी पसार. मी खूश.

मी खोलीत नसताना काय चालायचं ते मला उशिरा कळलं. वर्गाबाहेर बाईंच्या चपलांचा आवाज आला की चिडीचूप होणारी आणि बाई वळल्या की बाकावर चढणारी मुलं मी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, तरी हे माझ्या लक्षात येऊ नये! ठकी एवढंच शिकली होती की ही बाई आली की पाणी पडतं. पलंगाचा आणि पाण्याचा संबंध तिने जोडलाच नव्हता.

एका दुपारी पोटात द्राव सोडून मी गॅसवरचं दूध बघायला गेले. दार नुसतं लोटलेलं. हे पडल्या पडल्या डुलकीत. परत येते तो ठकी पलंगावर, आणि ती लोंबणारी नळी पुढच्या पायांत धरून मजेत चावत्येय. चादरीवर रुपयाएवढा ओला ठिपका. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक.

क्लॅम्प कुठे लावायचा ते शिकवलं होतं. भोकाच्या अलीकडे, पोटाच्या बाजूला. तो लावताना माझे हात असे थरथरत होते की दोनदा निसटला. रिक्षाने दवाखाना गाठला. त्यांनी जोडनळी बदलली, प्रतिजैविकं सुरू केली. डॉक्टरांनी नीट समजावलं. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू असतो, मांजराला त्याचा काही त्रास नसतो, पण नळीवाटे पोटात गेला तर आतल्या अस्तराला सूज येते. मांजराने नळी चावल्यामुळे झालेल्या अशा आजाराची नोंद १९८७ सालीच वैद्यकीय नियतकालिकात आली आहे म्हणे. म्हणजे आमची ठकी काही पहिली नव्हे.

त्यानंतरचे आठ दिवस मी प्रत्येक पिशवी वर्तमानपत्रावर धरून मथळा वाचत होते. वाचता येत होता. तरी पुन्हा वाचायचे.

लेकीने पुण्याहून फोनवर निकाल दिला, "आई, मांजर देऊन टाक." सिस्टरचं म्हणणं जरा सौम्य होतं. मांजर घरात राहू दे, त्या खोलीत मात्र कधीच नको. ह्यांनी काहीच म्हटलं नाही. जेवण तेवढं अर्ध्यावर आलं.

मग मी इरेला पेटले आणि आमच्या घरात शोधांचं युग सुरू झालं.

शेजारच्या वहिनींनी निळ्या पाण्याच्या बाटल्या सांगितल्या. तुम्ही पाहिल्या असतीलच, कुत्री येऊ नयेत म्हणून लोक फाटकापाशी कपड्यांची नीळ कालवून ठेवतात त्या. मी दोन ठेवल्या. ठकीने एकीला मान घासली. विषय संपला.

मग संत्र्याची सालं. मांजरांना लिंबू-संत्र्याचा वास आवडत नाही हे खरं आहे. साल ओली होती तोवर ती उंबऱ्याशी थबकायची, सुकली की ओलांडून जायची. रोज संत्री कुठून आणायची? म्हणून मी डांबरगोळ्या ठेवल्या, आणि लादी फिनेलने दोनदा पुसायला लागले. चौथ्या दिवशी ठकीच्या लसीसाठी जनावरांचे डॉक्टर घरी आले. हा माझा सातवी ब चा विद्यार्थी. दारातच त्याला वास आला.

"बाई, ह्या गोळ्या आधी उचला. ह्यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि फिनेलही नको. माणसाचं यकृत ते जसं निकामी करतं, तसं मांजराचं करू शकत नाही. ती लादीवर चालते आणि मग पाय चाटते."

मी उभी, आणि तो मला रागवतोय! शुद्धलेखनात याचे ऱ्हस्व-दीर्घ कधी जुळले नाहीत, पण आता त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मी ओंजळीत गोळ्या गोळा केल्या आणि मला फार लाज वाटली. तिला हाकलायच्या नादात मी तिला विषच घालत होते.

पुढचे प्रयोग नातवाच्या सल्ल्याने झाले. पलंगाच्या कडेला पोळ्या गुंडाळतात तो चंदेरी कागद पसरला. त्याचा आवाज आणि स्पर्श मांजरांना नकोसा वाटतो. तीन दिवस ती दूर राहिली, चौथ्या दिवशी त्यावरच बसून अंग चाटत होती. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी बरी चालली, पंज्याला चिकटलेलं मांजराला अजिबात खपत नाही. पण त्या पट्टीला आधी माझा पदर चिकटला, मग धूळ, आणि धूळ बसली की ती नुसतीच पट्टी.

मग नातवाने एक डबी मागवली. कुणी समोरून गेलं की ही डबी म्हणे असा उंच आवाज काढते की तो माणसाला ऐकू येत नाही. तरुण माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही पुढचा. (मला तर कुकरच्या शिट्ट्या मोजणंही जड जातं.) इंग्लंडात बागांमध्ये अशा यंत्रांची रीतसर चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. मांजरांचं येणं काहीसं कमी झालं, बंद नाही झालं. आमच्याकडेही तसंच. ठकी कान मागे पाडायची, क्षणभर विचार करायची आणि भिंतीकडेने जायची. आणि पोटातल्या नळीच्या बाबतीत "काहीसं कमी" ह्याला काय अर्थ आहे?

शेवटचं यंत्र खरोखर चाललं. समोर हालचाल झाली की हवेचा फुस्सकन झोत सोडणारा डबा. माणूस हजर असायची गरज नाही, राग यायचा तर डब्याचा यावा. माझ्या फवाऱ्यात नेमकं हेच चुकलं होतं. दोन झोतांत ठकीने उंबरा सोडला. पण एकदा रात्री अडीचला हे लघवीला उठले. दिवा न लावता. डब्याला मांजर काय आणि माणूस काय! फुस्स झालं, हे दचकले आणि पोटात दोन लिटर पाणी घेऊन तोल जाऊन कपाटावर आदळले. लागलं नाही फारसं, पण त्या रात्री हे पलंगावर बसून म्हणाले, "अगं, हे घर माझं आहे की सापळा?"

मी तो डबा काढला. आणि दुसऱ्या दिवशी, ह्यांना न सांगता, दूधवाल्याशी बोलले. त्याच्या गोठ्यात उंदीर फार होते, तो आनंदाने तयार झाला. सकाळी तो झाकणाची टोपली घेऊन आला. ठकी माझ्या मागेच, स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. आत हे खोकत होते.

"मिळत नाहीये हो ती आज," मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं, दूध मापलं आणि गेला.

त्याच आठवड्यात सुतार बोलावला. जाळी स्टीलची, कारण नायलॉनची नखांनी फाटते. आपोआप मिटावं म्हणून स्प्रिंगचे बिजागर, आणि कडी वर. द्राव भरताना लाकडी दारही बंद, एरवी जाळीचं. त्या सगळ्या यंत्रांत जेवढे पैसे घातले त्याच्या निम्म्यात काम झालं! सातवी ब च्या डॉक्टरने आणखी एक सांगितलं, "बाई, तिला तिकडे काय मिळत होतं ते इकडे द्या." काय मिळत होतं? ऊब, कारण द्रावाच्या पिशव्या आम्ही शेकायच्या गादीवर कोमट करतो. हलणारी दोरी, म्हणजे नळी. आणि हे. मग बाहेर उन्हाच्या पट्ट्यात टोपली ठेवली, तिच्यात ह्यांचा जुना स्वेटर. दुपारी चारला हे बाहेरच्या खुर्चीत बसतात, नळी पट्ट्यात नीट खोचलेली, वर सदरा, आणि सुतळीला चिंधी बांधून तिला पळवतात. खेळ झाला की साबणाने हात.

उशाशी मात्र ती आता नसते. पहिल्या काही रात्री ती जाळीपलीकडून ओरडायची आणि हे अंधारात "आहे गं, आहे इथेच" म्हणायचे. मी झोपेचं सोंग घ्यायची.

आत्ता संध्याकाळची पिशवी बाहेर आली. मी ती पेपरवर धरली.

"वाचता येतंय?" ह्यांनी विचारलं.

"येतंय."

"मग उघड की दार. केव्हाची बसलीये."