बैठक

आइस्टेद्वॉद हा शब्द धड उच्चारता यायला मला चार वर्षं लागली. अर्थ मात्र एका मिनिटात कळला. वेल्श भाषेत 'आइस्टेद' म्हणजे बसणे. तेव्हा आइस्टेद्वॉद म्हणजे चक्क बैठक! गाण्याची, कवितेची बैठक. हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग एवढा अवघड शब्द कशाला? बैठक म्हणा की."

तर ही गोष्ट आहे २०२४ च्या ऑगस्टमधली. आई सांगलीहून आमच्याकडे कार्डिफला आली होती आणि वेल्सची राष्ट्रीय आइस्टेद्वॉद त्या वर्षी पाँटिप्रिथला होती, म्हणजे आमच्यापासून ट्रेनने अर्ध्या तासावर. हे सगळं प्रकरण दरवर्षी गाव बदलतं. एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. ज्या गावाची पाळी, तिथले लोक आधी वर्ष-दोन वर्षं वर्गणी गोळा करतात, गाणी बसवतात. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तंबू पडतात, आणि पाऊसही पडतो. त्याला इलाज नाही.

आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मंचावर सगळं फक्त वेल्शमध्ये. हा नियम १९५० पासूनचा. इंग्रजीतलं भाषण नाही, सूत्रसंचालन नाही, काही नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे निघाले पाच लाख अडतीस हजार, म्हणजे शंभरात अठरासुद्धा नाहीत. असल्या भाषेने वर्षातून आठ दिवस आपल्या मंचावर दुसऱ्या भाषेला येऊच द्यायचं नाही असं ठरवलं, याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं. आता येत नाही. ज्यांना वेल्श येत नाही त्यांच्यासाठी कानाला लावायची इंग्रजी भाषांतराची यंत्रं मिळतात. आईने ते यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि परत केलं. "मला इंग्रजीतून कविता नको. ही सांगेल की," ती लेकीकडे बोट करून म्हणाली.

लेक तेव्हा आठ वर्षांची. वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. यात आमचा काही थोर विचार नव्हता हं, शाळा घराजवळ होती, बाई चांगल्या वाटल्या, घातली. मुलांची वेगळी आइस्टेद्वॉद असते, 'इर्द' नावाच्या संस्थेची. १९२२ साली निघालेली संस्था. मे महिन्याच्या अखेरीस त्यांचा उत्सव. लेक तिथल्या कवितापठणात आधी शाळेत, मग भागात निवडली गेली आणि जिल्ह्याच्या फेरीत बाद झाली. घरात महिनाभर तीच कविता. आईला फोनवर म्हणून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "एक अक्षर कळलं नाही, पण ठसक्यात म्हणते गं." आणि मग थोडं थांबून, "मराठीतली एखादी येते का?"

येत नव्हती. अजून एखादी पूर्ण येत नाही. मराठी तिला कळते, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते, आणि आमचं दोघींचं भागतं. आईचं भागत नाही.

असो. शुक्रवारी दुपारी खुर्चीचा सोहळा असतो. सोमवारी मुक्तछंदासाठी मुकुट देतात, बुधवारी गद्याचं पदक, पण खुर्ची म्हणजे खुर्ची. कडक वृत्तबद्ध कवितेसाठी. व्यंजनांची आणि यमकांची एक अशी गुंतागुंतीची वीण असते की ओळ नुसती कानावर पडली तरी घंटा वाजल्यासारखी वाटते. कविता टोपणनावाने पाठवायची. परीक्षक आधी मंचावरून परीक्षण वाचतात, कविता खुर्चीच्या लायक नसेल तर तसं स्पष्ट सांगून खुर्ची रिकामी ठेवतात. लायक असेल तर टोपणनाव पुकारतात, तुतारी वाजते आणि हजारो लोकांतून कोणीतरी एक जण उभा राहतो. तोवर शेजारच्यालाही पत्ता नसतो.

आईला हे फार आवडलं. २००८ साली सांगलीला साहित्य संमेलन भरलं होतं तेव्हा ती तिन्ही दिवस मांडवात होती. म्हणाली, "आपल्याकडे अध्यक्ष आधी ठरतो, भाषण नंतर. इथं कविता आधी, माणूस नंतर. बरं आहे."

मग आले पांढऱ्या, निळ्या, हिरव्या झग्यांतले लोक. हे सगळं प्राचीन ड्रुइडांचं वाटतं, पण तसं नाही. अठराव्या शतकात एडवर्ड विल्यम्स नावाचा एक पाथरवट होता, स्वतःला इओलो मॉर्गनुग म्हणवायचा. त्याने १७९२ साली लंडनमध्ये एका टेकडीवर दगडगोट्यांचं वर्तुळ मांडून हा विधी केला आणि म्हणाला, हा आमच्या पूर्वजांचा. जुन्या कवींच्या नावाने त्याने स्वतःच्या कविताही खपवल्या. अफू घेणारा, हुशार, खोटारडा माणूस. विद्वानांनी विसाव्या शतकात त्याची लबाडी उघडी पाडली, पण तोवर लोक शंभर वर्षं झगे घालत होते. ते थांबले नाहीत. आता तर वर्तुळाचे दगडही फायबरग्लासचे असतात, गावोगाव न्यायला सोपे. मला वाटतं, खोटं म्हणून सोडून दिलं असतं तर या लोकांकडे काय उरलं असतं? जुने स्पर्धेचे दाखले खरे आहेतच, ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादकांच्या स्पर्धा झाल्या होत्या. पण दरवर्षी माणसं येतात ती तेवढ्यासाठी नव्हे.

त्या दिवशी मुख्य ड्रुइड होत्या मेरेरिड हॉपवुड. खुर्ची जिंकणारी पहिली स्त्री, २००१ साली. त्यांच्यासमोर एक मोठी तलवार अर्धी म्यानातून काढली गेली आणि त्यांनी विचारलं, "आ ओइस हेदुख?" सगळा तंबू ओरडला, "हेदुख!"

आईने माझा हात धरला. "काय झालं?"

मी लेकीकडे पाहिलं. लेक इंग्रजीत पुटपुटली, मी मराठीत पोचवलं. "शांतता आहे का, असं विचारताहेत."

"तलवार काढून?"

पुन्हा साखळी उलटी फिरली. आईचा प्रश्न माझ्याकडून लेकीकडे, लेकीचं उत्तर माझ्याकडून आईकडे. आहे असं सगळे तीनदा म्हणाले की तलवार परत म्यानात जाते. मगच कवी बसतो. त्या साखळीत मी मधली कडी होते आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं माझ्याकडे गळत होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

परतताना ट्रेनमध्ये मी आईला १९१७ ची गोष्ट सांगितली. ट्राउसविनिद गावचा एक मेंढपाळ कवी, टोपणनाव हेद विन. त्याचा अर्थ पवित्र शांती, तोच 'हेद' जो हेदुखमध्ये आहे. धाकट्या भावाला जावं लागू नये म्हणून हा सैन्यात गेला. त्या वर्षी आइस्टेद्वॉद बर्कनहेडला होती. कवितेला दिलेलं टोपणनाव पुकारलं, तुतारी वाजली, कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मग मंचावरून सांगण्यात आलं की कवी पाच आठवड्यांपूर्वी, ३१ जुलैला, बेल्जियममधल्या लढाईत मारला गेला. खुर्चीवर काळं कापड घातलं. ती खुर्ची केली होती बेल्जियममधूनच पळून आलेल्या एका सुताराने. मग ती आगगाडीने त्याच्या आईवडिलांच्या घरी गेली. आजही त्याच घरात आहे.

आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्याच्या आईने ती कुठे ठेवली असेल गं? बसायची वस्तू."

मला उत्तर सुचलं नाही. लेक दोघींच्या मध्ये बसून चिप्स खात होती. आई तिच्याकडे वळली. "तो शब्द सांग परत. शांततेचा."

"हेदुख."

"हेदूक."

"नो आजी. खख. घशातून."

आईने घसा खरवडून पाहिला. समोरच्या बाकावरचे आजोबा हसू दाबत होते. चौथ्या वेळेला जमलं तेव्हा लेकीने शाळेतल्या बाईसारखी मान डोलावली.

"आता माझा म्हण," आई म्हणाली. "ळ. केळं."

"केलं."

"केलं नाही. केळं. जीभ वर, आत वळव."

लेकीने जीभ वळवली. "केरं."

"परत."

कार्डिफ स्टेशन येईपर्यंत त्या दोघी तेच करत बसल्या होत्या, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं.