मोरपंखी, मे महिना आणि बाबा

मे महिन्यात यवतमाळला कोण जातं? मित्रमंडळी मनालीची तिकिटं काढत असताना मी मात्र पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. कारण बाबांचा फोनच तसा आला, "बेटा, तुझी झाडं जळून राहिली."

'माझी' झाडं म्हणजे मोरपंखी. शाळेत वहीत ठेवायचो ना, ती विद्या, तीच! आईबाबांनी आता पुण्यात माझ्याकडे राहावं म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. बाबा सरळ 'नाही' म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, कंपाउंडला बारा महिने हिरवं राहील असं काहीतरी लावायचंय. उत्तर मिळालं होतं. तरी फेब्रुवारीत पुण्याच्या नर्सरीतून 20 रोपं मीच नेऊन दिली.

सकाळी आठलाच ऊन चावत होतं. गेटपासून रांग सुरू होते, आणि त्यातली 11 झाडं सरळ तपकिरी. आई हळूच म्हणाली, "दोन वेळा पाणी घालतात गं. रात्रीही उठून बघतात."

खरं सांगू? क्षणभर वाटलं, चला, आता तरी येतील पुण्याला. मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

दुपार कलल्यावर शेजारच्या बंगल्यातले माळीकाका आले. त्यांनी एका हिरव्यागार मोरपंखीची साल नखानं खरवडली. आत हिरवा ओला थर हवा, तिथे सुकं लाकूड. "हे कवाचंच गेलं ताई. याची पानं हिरवीच राहतात, मेलं तरी." म्हणजे मे महिन्यात दिसणारा तपकिरी रंग ही शिळी बातमी! मुळं केव्हाच संपलेली असतात.

मग त्यांनी दोन झाडं उपटली. पहिल्याची मुळं काळी, वास मारणारी. दुसऱ्याचा लाल मातीचा गोळा विटेसारखा कोरडा. पाणी तेवढंच, रांग एकच!

काकांनी सांगितलं ते असं. इथली काळी जमीन चिकट. ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात. खोलगट जागी खड्डा बादलीसारखा भरून राहिला, मुळांना हवा मिळाली नाही, ती कुजली. भिंतीजवळ उलटं घडलं. नर्सरीचा गोळा एकदा पार सुकला की पाणी सहज आत घेत नाही, घातलेलं बरंचसं बाजूच्या भेगेतून खाली. शिवाय पिशवीत गोल गोल वळलेली मुळं आम्ही मोकळी केलीच नव्हती. आणि सदाहरित झाड उन्हाळ्यातही पानांतून पाणी सोडत राहतं. नव्या मुळांना ते पुरवता आलं नाही, की झालं.

"मी तर रोज पाणी देऊन राहिलो होतो न," बाबा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना बाहेर काढायचं म्हणून पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्यात गेलो. वाघ दिसला नाही (माझं नशीब!). पण जंगल बघाच मे महिन्यात. ताटाएवढी पानं असणारा साग पार उघडा. पावसापर्यंत पानंच नकोत, म्हणजे पाण्याचा खर्चही नको. जीपमध्ये बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यानं इथलं ऊन ओळखलं. आपण फेब्रुवारीत लावली, तेच चुकलं."

घरी येऊन त्यांनी स्वतः उरलेल्या झाडांची साल खरवडली. 20 पैकी सात जिवंत निघाली. त्यांच्या बुंध्याशी तुरीचं कुटार पसरलं, वर हिरवी जाळी बांधली. आता रोज पाणी नाही. बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं, कोरडं लागलं तरच हळूहळू, खोलवर द्यायचं.

बाकीच्या जागी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, कण्हेर आणि मेंदी. माती थोडी उंच करून, पाणी साचू न देता. मोरपंखी पुन्हा आणू का विचारलं तर बाबा म्हणाले, "हे सात राहू दे."

रात्री स्टँडवर सोडायला आले. पुण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. गाडी निघताना खिडकीशी येऊन म्हणाले, "खड्डे खोदायला येशील न? माझी कंबर दुखते."

सुट्टी टाकायची गरज नाही, फ्रीलान्सर आहे. जूनचं तिकीट काढलंय.