शिळे पाणी

नळाला पाणी आले की कालचे शिळे पाणी ओतून द्यावयाचे आणि हंडे-कळश्या घासून ताजे भरावयाचे, ही आमच्या नगरच्या घराची जुनी रीत. त्याच रीतीने एका सकाळी आम्ही काचेच्या पेटीतील सारे पाणी बदलले. नव्या, नितळ पाण्यात धाकट्याचे पाच सोनमासे आनंदतील, अशी आमची समजूत. ते मात्र वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले आणि दुपारी उलटे होऊन तरंगले. “बाबा, पाणी तर स्वच्छ होते ना?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ते पुढे कळले. मुळा धरणाचे पाणी क्लोरीन मिसळून आपल्यापर्यंत येते. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असा दंडक आहे. त्यामुळेच पटकी, विषमज्वर दूर राहतात. आपण ते पाणी पितो. मासा त्यातच श्वास घेतो आणि त्याचे नाजूक कल्ले पोळतात.

उपाय साधा आहे. पसरट भांड्यात पाणी चोवीस तास उघडे ठेवावे. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे पूर्वी फोटो धुताना वापरीत तो ‘हायपो’. दहा लिटरना तांदळाएवढे एकदोन खडे पुरतात. शिवाय एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदलावे.

आता पाणी आले तरी एक बादली आम्ही ओतीत नाही. धाकटा तिला हात लावू देत नाही. ज्याला आम्ही शिळे म्हणून टाकीत होतो, तेच त्या मुक्या जिवांचे जीवन होते.