घंटा आणि नोटिफिकेशन

परवा शनिवारी सर्टिफिकेशनचा अभ्यास करायला बसलो. तासाभरात वाचून झालं एक पान, आणि व्हॉट्सअ‍ॅप सतरा वेळा! रील्स किती ते विचारूच नका... याच परीक्षेत मी एकदा उडालोय, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

२०१३ला, दहावीत, नसरापुरात आमच्या घरी नेट नव्हतं. आम्ही तिघं मित्र 'अपेक्षित' घेऊन बनेश्वरच्या झाडीत बसायचो. देऊळ १७४९चं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. येणारा-जाणारा घंटा बडवायचा, पण आमची मान वर व्हायची नाही. ती घंटा आपल्यासाठी नाही, हे माहीत होतं ना!

पुढे सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं. तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फुकट डेटा, मग काय! त्याच वर्षी एम-३ राहिला. दोष अर्थात माझाच.

काल रविवारी गावी गेलो, फोन आईकडे ठेवला आणि प्रिंटआउट घेऊन बनेश्वर गाठलं. हात सारखा खिशाकडे जात होता. तरी दोन चॅप्टर झाले.

परत आलो तर आई म्हणाली, "किती वाजतो रे हा! एवढं काय असतं त्यात?"

काहीच नव्हतं. मग नापास झाल्याचंही तिला सांगून टाकलं. "बरं, परत दे," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

असो. पुढच्या रविवारी पेपर आहे.