पदर

जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत वडील सुती कपडेच घालून जात. कृत्रिम धाग्यात घर्षणाने वीज साठते, आणि स्फोटकांपाशी एक ठिणगीही पुरे. ते निवृत्त झाल्यावर आईने त्या कपड्यांची गोधडी शिवली. आत तिची जुनी लुगडी, मध्यभागी आंधळगावच्या कोशाचा तुकडा, कडेला माझ्या टेरिलिनच्या शर्टाची पट्टी. (मीच हट्ट धरला होता.) आता सूत विरले आहे, टेरिलिन मात्र तसेच, आणि टाक्याटाक्याशी ते शेजारचे सूत फाडते आहे. 'संहितेचे पदर' हे शब्द वर्गात मी किती सहज उच्चारतो! पट्टी काढायची तर आईचा धावदोराही उसवेल. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मुलगी कात्री घेऊन बसली आहे; मी अजून होकार दिलेला नाही.