बिणी, बाणी, वानी

बालनाट्य लिहिणाऱ्याला शब्द पाडावेच लागतात. राक्षसाचं नाव, चेटकिणीचा मंत्र, नसलेल्या गावाची नसलेली भाजी. व्यंजनं पटकन सुचतात. घोळ घालतात ते स्वर.

स्पॅनिशमध्ये या घोळाची छान उदाहरणं आहेत. मारिआनो ब्रुल या क्यूबन कवीच्या निरर्थक नादाच्या ओळींमधूनच आल्फोन्सो रेयेसने 1929 मध्ये अशा रचनेसाठी नाव उचललं : हितान्हाफोरा. नावातच आकारांची रांग, आणि ब्रुलच्या त्या ओळींतही ‘आ’चंच राज्य. पुस्तकी स्पॅनिशमध्ये मात्र ‘ए’ सर्वांत जास्त आढळतो, ‘आ’ त्याच्या मागोमाग. कारण साधं आहे : दे, के, एल, एन, से हे चिल्लर शब्द वाक्यावाक्यात लागतात. हुलिओ कोर्तासारने ‘रायुएला’ या 1963च्या कादंबरीत एक अख्खं प्रकरण बनावट भाषेत लिहिलं, पण व्याकरण खरं ठेवलं. साहजिकच हे चिल्लर शब्दही राहिले. म्हणजे ‘ए’ व्याकरणाचा नोकर आहे. व्याकरण रजेवर गेलं की तोही दिसेनासा होतो.

मराठीत मोजदाद करायची तर पहिली अडचण ‘अ’ची. तो अक्षरात मुरलेला, त्याला चिन्हच नाही. शिवाय ‘घर’ लिहिताना असतो आणि बोलताना शेवटचा गळतो. कागदावर काना-मात्रा मोजून उपयोग नाही, कानानेच मोजावं लागतं. आणि कानाला करकर, किरकिर, कुरकुर हे तीन वेगळे प्राणी आहेत. नव्या वहाणांची करकर, झोप आलेल्या पोराची किरकिर, सासऱ्यांची कुरकुर. व्यंजनं तीच, फक्त स्वर हलला.

आपला सर्वांत मोठा बनावट शब्दांचा कारखाना तर घरातच चालतो : चहाबिहा, कामबिम, जेवणबिवण. मूळ स्वर कोणताही असो, जोडशब्दात ‘बि’च. मुलुंड-घाटकोपरला शेजारची गुजराती काकी ‘पाणी-बाणी’ म्हणते, म्हणजे ‘ब’ आपलाच पण स्वर मूळचा. लोकलमधला हिंदीवाला ‘पानी-वानी’ म्हणतो. तिथेही स्वर शाबूत. स्वर बदलून इकार आणायची खोड कानडीत सापडते : नीरु-गीरु, हण्णु-गिण्णु. दोन शेजाऱ्यांकडून एकेक वस्तू उसनी आणल्यासारखा हा ‘बि’ मला वाटतो. हा माझा कयास, भाषाशास्त्रज्ञांनी हसावं.

बालनाटककार रत्नाकर मतकरींना हे सगळं कानाने ठाऊक असणार. ‘निम्मा शिम्मा राक्षस’मध्ये ‘शिम्मा’ने राक्षसाचा दरारा निम्म्यावर आणला आहे. ‘अलबत्या गलबत्या’ मात्र सगळा अकारांचा, शेवटी ‘या’. हाक मारताना तो ‘या’ हवा तेवढा ताणता येतो, मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत. शिवाय ‘अलबत्याने’, ‘अलबत्याला’ सरळ होतं. नव्या नाटककारांचे ऊकारान्त राक्षस विभक्तीत येताच अडखळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मी नावाचं शेपूट आधी ठरवतो, कारण तिथे व्याकरण बसलेलं असतं. मोकळीक फक्त तोंडाशी.

सध्याच्या नाटकात दोन राक्षस आहेत. एक ‘पोरंबिरं’ खातो, दुसरा ‘पोरं-बोरं’. दुसरा कुठल्या शेजारचा, हे मुलुंडच्या प्रेक्षकांना सांगावं लागणार नाही.